स्वस्त लॅपटॉप की परवडणारा लॅपटॉप?

घरात किंवा दुकानात पहिला लॅपटॉप घेणे हा बहुतेक छोट्या बचतदारांसाठी मोठा खर्च असतो. साठवलेली काही महिन्यांची शिल्लक त्यात जाते, नाहीतर वर्षभराचा हप्ता मागे लागतो. आणि तरीही हा निर्णय अनेकदा दुकानातल्या दहा मिनिटांत किंवा मोबाइलवर ‘आजच शेवटचा दिवस’ अशी जाहिरात पाहून घेतला जातो.

स्वस्त आणि परवडणारा या दोन शब्दांत फरक आहे. ज्याची आजची किंमत कमी तो स्वस्त. जो आपले काम नीट करतो, तीन-चार वर्षे टिकतो आणि ज्याच्यासाठी घरातील अडीअडचणीची शिल्लक मोडावी लागत नाही, तो परवडणारा. या लेखात परवडणारा लॅपटॉप कसा निवडावा, त्याचे पैसे कसे उभे करावेत आणि फसवणूक कशी टाळावी, हे क्रमाने पाहू. लेखातील किमती हिशेब समजावा म्हणून धरलेल्या आहेत. खरेदीच्या दिवशीचा भाव आपण स्वतः किमान तीन ठिकाणी विचारावा.

आधी काम लिहून काढा

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर दोन रकाने करा. एकात ‘आज करायची कामे’ आणि दुसऱ्यात ‘वर्षभरात सुरू होतील अशी कामे’ लिहा. उदाहरणार्थ: मुलीचा ऑनलाइन वर्ग, बँकेचे व्यवहार, ग्राहकांची बिले, मालाचा हिशेब, जीएसटीचे विवरणपत्र, पत्रे टाइप करणे, छपाई.

आता प्रत्येक कामासमोर त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर लिहा. हे महत्त्वाचे आहे. टॅली प्राइम किंवा जीएसटीचे ऑफलाइन साधन विंडोजवर चालते. डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन, बोटाचे ठसे घेणारे यंत्र, जुना प्रिंटर यांनाही त्या-त्या प्रणालीचे ड्रायव्हर लागतात. ही कामे असतील तर क्रोमबुक कितीही स्वस्त मिळाले तरी उपयोगाचे नाही. हल्ली काही विंडोज लॅपटॉपमध्ये मोबाइलसारखा एआरएम पद्धतीचा प्रोसेसर असतो. त्यावरही जुन्या प्रिंटरचे किंवा टोकनचे ड्रायव्हर चालतीलच असे नाही. म्हणून आपल्याकडे आधीपासून असलेल्या यंत्रांची नावे लिहून न्या आणि ‘याच्याशी हे जोडता येईल का?’ असे विचारा.

उलट, काम फक्त ब्राउझरमधील असेल, म्हणजे ईमेल, व्हिडिओ, ऑनलाइन वर्ग, ऑनलाइन दस्तऐवज एवढेच असेल, तर महागड्या लॅपटॉपची गरज नाही.

लॅपटॉपच हवा का?

हा प्रश्न मोकळेपणाने विचारा. यंत्र एकाच टेबलावर राहणार असेल, तर डेस्कटॉप संगणक त्याच किमतीत अधिक ताकदीचा मिळतो. त्याचे भाग बिघडले तर सुटे बदलता येतात आणि दुरुस्ती जवळच्या मेकॅनिककडे होते. मात्र जिथे वीज वारंवार जाते, तिथे डेस्कटॉपला यूपीएस लागतो. लॅपटॉपची बॅटरी ते काम आपोआप करते. जागा कमी असेल, यंत्र घर आणि दुकान दोन्हीकडे न्यायचे असेल, तर लॅपटॉपच सोयीचा.

आता खर्च वसूल होतो का ते पाहू. समजा, एक ताई घरी शिवणकाम करतात. बिले टाइप करून घेणे, छपाई, फॉर्म भरून घेणे यासाठी त्या बाहेर महिन्याला १,२०० रुपये देतात. लॅपटॉप घेतला तर यातील ८०० रुपये वाचतील. ३५,४०० रुपयांचा नवा लॅपटॉप फक्त या बचतीतून वसूल व्हायला ४४ महिन्यांहून अधिक काळ लागेल. २०,००० रुपयांचा चांगला वापरलेला लॅपटॉप २५ महिन्यांत वसूल होईल. पण लॅपटॉपमुळे नवे काम मिळणार असेल, उदाहरणार्थ शाळेच्या गणवेशाची मागणी कोटेशन पाठवून घेता येणार असेल, तर हिशेब बदलतो. आपला आकडा आपणच मांडावा. शेजाऱ्याने घेतला म्हणून आपल्यालाही परवडेल असे नसते.

खोक्यावरचे आकडे काय सांगतात?

खोक्यावर पंधरा-वीस आकडे असतात. त्यातील सहा गोष्टी समजल्या तरी पुरे.

१. रॅम. एका वेळी किती कामे उघडी ठेवता येतील, हे रॅमवर ठरते. टेबल जेवढे मोठे, तेवढी कागदपत्रे एकदम पसरता येतात, तसेच हे आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम लागते, पण किमान म्हणजे पुरेशी नव्हे. ब्राउझर, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि व्हिडिओ कॉल एकदम चालवायचा तर ८ जीबी घ्यावी. दुसरा प्रश्न: ‘दादा, रॅम नंतर वाढवता येईल का?’ अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पट्टीवरच जोडलेली असते. ती वाढवता येत नाही. म्हणजे आज जी घेतली, तीच शेवटपर्यंत.

२. साठवण. येथे सर्वाधिक फसगत होते. साठवण तीन प्रकारची दिसते: जुनी फिरणारी हार्ड डिस्क, ईएमएमसी आणि एसएसडी. हार्ड डिस्कमध्ये जागा भरपूर, पण लॅपटॉप सुरू व्हायलाच काही मिनिटे लागू शकतात. ईएमएमसी ही मोबाइलमध्ये असते तशी साठवण आहे. ती बहुधा ६४ किंवा १२८ जीबीची असते आणि बदलता येत नाही. ६४ जीबीत विंडोज आणि त्याचे अपडेट बसवतानाच जागा संपते. एसएसडी जलद असते. किमान २५६ जीबी एसएसडी घ्या. फोटो, व्हिडिओ जास्त असतील तर ५१२ जीबी. एक जीबी कमी-जास्त याहून ‘एसएसडी आहे का?’ हा प्रश्न मोठा आहे.

३. प्रोसेसर. साध्या कामासाठी इंटेलचा कोअर आय३ किंवा एएमडीचा रायझन ३ या वर्गातील अलीकडचा प्रोसेसर पुरतो. सेलेरॉन किंवा एन मालिकेतील प्रोसेसर फक्त हलक्या कामासाठी आहेत. नाव सारखे असले तरी पिढी पाहावी. इंटेल आय५-८३५०यू यातील ८ म्हणजे आठवी पिढी. आय३-१२१५यू यातील १२ म्हणजे बारावी पिढी. एएमडीच्या बाबतीत पहिला अंक फसवू शकतो. रायझन ३ ७३२०यू आणि रायझन ३ ७३३०यू या दोन्ही नावांची सुरुवात ७ ने होते, पण तिसरा अंक आतली रचना सांगतो. २ असेल तर रचना जुनी, ३ असेल तर त्यानंतरची.

४. पडदा. स्वस्त लॅपटॉपमध्ये काटकसर येथेही होते. शक्यतो फुल एचडी, म्हणजे १९२० गुणिले १०८० बिंदूंचा पडदा घ्या. हिशेबाचा तक्ता त्यात अधिक दिसतो आणि डोळ्यांना त्रास कमी होतो. आयपीएस पडदा बाजूने पाहिला तरी स्पष्ट दिसतो. दुकानदार आणि ग्राहक दोघांनी एकाच वेळी बिल पाहायचे असेल तर हा फरक जाणवतो.

५. ऑपरेटिंग सिस्टीम. किंमत विचारताना ‘यात मूळ परवान्याचे विंडोज आहे का?’ हे विचारा. काही लॅपटॉप ‘डॉस’ लिहून स्वस्तात विकले जातात, म्हणजे विंडोज वेगळे विकत घ्यावे लागते. फुकटात पायरेटेड विंडोज टाकून देणारा दुकानदार आपले नुकसान करतो. ज्या यंत्रावर आपण बँकेचा पासवर्ड टाकणार, त्यात काय दडले आहे हे कळायला मार्ग नसतो. विंडोज नको असेल तर उबुंटू किंवा सी-डॅकने तयार केलेले बॉस लिनक्स मोफत आहे. पत्र, तक्ता आणि सादरीकरणासाठी लिबर ऑफिस मोफत आहे आणि त्यात मराठीत लिहिता येते. मराठी टायपिंगसाठी वेगळा खर्च नको. विंडोज आणि लिनक्स दोन्हींत इन्स्क्रिप्ट कळफलक असतोच.

६. बॅटरी आणि जोडण्या. जाहिरातीतील ‘दहा तास’ हा आकडा मंद उजेडात आणि हलक्या वापरात मोजलेला असतो. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा वेळ धरून चाला. यूएसबीची किती छिद्रे आहेत, प्रिंटरची वायर बसते का, कॅमेरा आणि माइक चालतो का, हेही पाहा.

नवा की वापरलेला?

दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर अशा बाजारांत वापरलेल्या लॅपटॉपची मोठी उलाढाल होते. यातील बरेच लॅपटॉप मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून तीन-चार वर्षांनी बाहेर पडलेले असतात. ते मजबूत बांधणीचे असतात आणि अनेकांत रॅम, बॅटरी, एसएसडी बदलता येते. म्हणून चांगला वापरलेला लॅपटॉप हा नव्या पण हलक्या लॅपटॉपपेक्षा अनेकदा सरस ठरतो. मात्र तपासणी स्वतः करायला हवी.

– पिढी पाहा. विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आय५-६३००यू, म्हणजे सहाव्या पिढीचा लॅपटॉप ‘आय५ आहे साहेब’ म्हणून गळ्यात मारला जातो. तो विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही.

– बॅटरीचा अहवाल मागा. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट एका मिनिटात निघतो. त्यात दोन आकडे असतात: मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता. मूळ ४८,००० आणि आज २४,००० असेल तर बॅटरी निम्मी संपली आहे. मग नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

– कुलूप तपासा. कंपनीतून आलेल्या काही लॅपटॉपवर बायॉसचा पासवर्ड किंवा कंपनीचे दूरस्थ नियंत्रण राहिलेले असते. समोर बसून लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा, बायॉस उघडून दाखवायला सांगा आणि सेटिंगमध्ये विंडोज ‘ॲक्टिव्हेटेड’ आहे का पाहा.

– हात लावून पाहा. सर्व कळा एकदा दाबा. पडद्यावर पूर्ण पांढरे चित्र लावून डाग पाहा. बिजागरी उघडझाप करा. चार्जर मूळ आहे का, तो लावल्यावर चार्जिंग खरोखर वाढते का, हे दहा मिनिटे थांबून बघा.

– बिल आणि हमी. बिलावर लॅपटॉपचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि यंत्राच्या खालच्या क्रमांकाशी जुळवा. चोरीचा माल निघाला तर हेच बिल आपली बाजू सांगते. किमान तीन महिन्यांची लेखी हमी नसेल तर तो लॅपटॉप सोडून द्या.

अनोळखी व्यक्तीकडून ऑनलाइन जाहिरातीवर वापरलेला लॅपटॉप घेत असाल, तर वस्तू हातात घेऊन तपासल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवू नका. ‘लष्करात आहे, बदली झाली, आजच विकायचा आहे’ अशी घाई करणारे संदेश ही जुनी युक्ती आहे.

खरी किंमत महिन्यावर काढा

तीन पर्यायांची तुलना करू.

पहिला: २३,६०० रुपयांचा नवा लॅपटॉप, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी. दोन वर्षांत काम अडू लागले आणि तो बदलावा लागला. २३,६०० भागिले २४ महिने, म्हणजे महिन्याला सुमारे ९८३ रुपये.

दुसरा: ३५,४०० रुपयांचा नवा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. चार वर्षे वापरला, मध्ये ३,००० रुपयांची बॅटरी बदलली. ३८,४०० भागिले ४८, म्हणजे महिन्याला ८०० रुपये.

तिसरा: २०,००० रुपयांचा वापरलेला लॅपटॉप, अधिक ३,००० रुपयांची बॅटरी. तीन वर्षे चालला. २३,००० भागिले ३६, म्हणजे महिन्याला सुमारे ६३९ रुपये.

म्हणजे सर्वांत कमी किमतीचा नवा लॅपटॉप दरमहा सर्वांत महाग पडला. तिसऱ्या पर्यायात पैसे कमी, पण जोखीम जास्त. तो लवकर बिघडला तर हिशेब उलटतो. जिच्या कामाची वेळ चुकली तर ग्राहक जातो, अशा व्यावसायिकाने दुसरा पर्याय घ्यावा. जिथे एक-दोन दिवस थांबता येते, तिथे तिसरा चालेल.

किमतीत बॅग, माउस, बाहेरची साठवण आणि आर्थिंग असलेला थ्री-पिन प्लग यांचा खर्चही धरा. विंडोजमध्ये व्हायरसपासून संरक्षण आधीच असते. त्यामुळे दुकानदार सुचवेल तो सशुल्क अँटिव्हायरस लगेच घ्यायलाच हवा असे नाही.

पैसे कसे उभे करावेत?

पहिला नियम: किमान तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक अडचणीसाठी बाजूला असल्याशिवाय तिला लॅपटॉपसाठी हात लावू नये. आजारपण सांगून येत नाही. लॅपटॉप मात्र चार महिने उशिरा आला तरी चालते.

*साठवून घेणे.* बँकेची आवर्ती ठेव साधारणपणे सहा महिन्यांपासून उघडता येते. दरमहा २,५०० रुपये वर्षभर भरले आणि व्याज वार्षिक साडेसहा टक्के धरले, तर ३०,००० रुपये मुद्दल आणि हजार रुपयांच्या वर व्याज जमते. टपाल खात्याची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते आणि ती मुदतीपूर्वी बंद करण्यासाठी तीन वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणून ती मुलांच्या शिक्षणासारख्या लांबच्या उद्दिष्टासाठी ठीक, वर्षभरात घ्यायच्या लॅपटॉपसाठी नव्हे.

*हप्त्यावर घेणे.* दुकानात ‘फक्त १२ टक्के’ असे सांगितले जाते. हा दर ‘फ्लॅट’ आहे की घटत्या शिलकीवर, हे विचारा. ३०,००० रुपये एका वर्षासाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले, तर व्याज ३,६०० आणि हप्ता २,८०० रुपये. पण आपण दरमहा मुद्दलही फेडत असतो, तरी व्याज मात्र पूर्ण ३०,००० वर लागते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर वार्षिक २१ टक्क्यांच्या वर जातो. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज घेणाऱ्या ग्राहकाला मुख्य तथ्य विवरण देणे रिझर्व्ह बँकेने बँका आणि वित्त कंपन्यांना बंधनकारक केले आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी तो कागद मागा आणि तो एकच आकडा दोन ठिकाणी ताडून पाहा.

*‘नो कॉस्ट’ हप्ता.* शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मधील परिपत्रकात स्पष्ट केले होते. व्याज कुठेतरी दडलेले असते. ३५,४०० रुपयांचा लॅपटॉप क्रेडिट कार्डावर ५,९०० रुपयांच्या सहा हप्त्यांत घेतला असे समजा. बँक वार्षिक १५ टक्क्यांनी सुमारे १,५०० रुपये व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट देतो. हिशेब शून्यावर आला असे वाटते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २७० रुपये आपणच भरतो. प्रक्रिया शुल्क १९९ रुपये धरले तर त्यावरील करासह आणखी २३५ रुपये. एकूण सुमारे ५०५ रुपये. शिवाय रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट बहुधा हप्तेवाल्याला मिळत नाही. ५०५ रुपये फार नाहीत. सोय हवी असेल तर जरूर घ्या. पण एक हप्ता चुकला तर लागणारे शुल्क आणि पतगुणांकाला बसणारा फटका हिशेबात धरा.

*व्यवसायासाठी कर्ज.* लॅपटॉप धंद्यासाठीच असेल, तर बँकेत मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटाची चौकशी करा. त्यात ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. उच्च शिक्षणासाठी शैक्षणिक कर्ज घेतले असेल, तर अभ्यासक्रमाला आवश्यक संगणकाचा खर्च त्यात धरता येतो का, हे बँकेला विचारा.

मोबाइलवरील झटपट कर्जाच्या अॅपपासून सावध राहा. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नियमित संस्थांच्या डिजिटल कर्ज अॅपची यादी आहे. त्यात नाव नसेल तर पुढे जाऊ नका.

कर्ज योग्य की साठवणे योग्य? लॅपटॉपमुळे येणारी जादा कमाई हप्त्यातील व्याजापेक्षा नक्की जास्त असेल, तर थोडे कर्ज चालेल. तसे नसेल तर थांबा. मधला मार्गही आहे: निम्मी रक्कम साठवा आणि निम्मीच उसनी घ्या. व्याज निम्म्यावर येते आणि बँकेलाही आपली शिस्त दिसते.

बिल, कर आणि वॉरंटी

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ३५,४०० रुपयांत ३०,००० किंमत आणि ५,४०० कर असतो. आपला व्यवसाय नियमित पद्धतीने जीएसटीत नोंदलेला असेल आणि लॅपटॉप त्याच व्यवसायासाठी असेल, तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक घाला. कराचा परतावा, म्हणजे इनपुट क्रेडिट, मिळू शकते. कंपोझिशन योजनेत ते मिळत नाही. कराची जमा घेतली असेल तर त्या रकमेवर प्राप्तिकरात घसारा मागता येत नाही. घसाऱ्याबद्दल आपल्या कर सल्लागाराला विचारा. ‘बिलाशिवाय घ्या, दोन हजार कमी करतो’ हा सौदा तोट्याचा आहे. बिल नसेल तर वॉरंटी, तक्रार आणि कराची जमा तिन्ही जातात.

यंत्रावर आणि चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असावा. तो बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. बनावट चार्जर आग लावू शकतो, म्हणून ही तपासणी चार्जरसाठीही करा.

वॉरंटीत तीन प्रश्न विचारा: किती वर्षे? कारागीर घरी येणार की यंत्र घेऊन जायचे? सेवा केंद्र आपल्या गावापासून किती लांब? सेवा केंद्र दीडशे किलोमीटरवर असेल तर प्रत्येक बिघाडाला प्रवासखर्च आणि एक दिवसाची कमाई जाते. पाणी सांडणे, पडून फुटणे हे साध्या वॉरंटीत बहुधा येत नाही.

घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी अपडेट पूर्ण करा, पासवर्ड लावा आणि मुलांसाठी वेगळे खाते उघडा. बँकेचे व्यवहार आणि खेळ एकाच खात्यावर नकोत. हिशेबाची प्रत आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या आणि ती लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. बॅग चोरीला गेली तर दोन्ही जातात.

‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, हे अॅप घ्या, आम्ही दुरुस्त करतो’ असा फोन आला तर ठेवून द्या. पडदा दूरवरून दाखवणारे अॅप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून टाकले की बँक खाते उघडे पडते. कंपनीचा ग्राहकसेवा क्रमांक इंटरनेटवर शोधून घेऊ नका. बिलावर किंवा खोक्यावर असेल तोच वापरा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. ‘सरकारकडून मोफत लॅपटॉप’ अशा संदेशातील लिंकही उघडू नका. असे अनेक संदेश पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागाने खोटे ठरवले आहेत. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवा.

जुना लॅपटॉप विकताना त्यातील माहिती पूर्ण पुसा. केवळ फाइल काढून टाकणे पुरेसे नसते.

तक्रार कुठे करावी?

आधी विक्रेत्याला आणि कंपनीला लेखी कळवा. ऑनलाइन खरेदी असेल तर त्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात उत्तर देणे अपेक्षित आहे. त्याने काम झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग; पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क नाही, मात्र तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगारात वापरायला घेतलेल्या लॅपटॉपसाठीही आपण ग्राहकच ठरतो, म्हणून ‘तुम्ही धंद्यासाठी घेतला’ एवढ्या उत्तरावर मागे फिरू नका. हप्त्याबद्दल किंवा कर्जाबद्दल तक्रार असेल आणि बँकेने ३० दिवसांत समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

दुकानात जाताना खिशात ठेवा

– कामांची आणि आपल्या जुन्या यंत्रांची यादी.
– किमान ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, फुल एचडी पडदा.
– वापरलेला असेल तर आठवी पिढी किंवा पुढची, बॅटरी रिपोर्ट, लेखी हमी.
– किंमत भागिले वापराचे महिने, हा हिशेब.
– हप्ता असेल तर मुख्य तथ्य विवरण आणि त्यातील वार्षिक दर.
– अनुक्रमांकासह पक्के बिल.

आणि दुकानात काहीही सांगितले तरी पहिल्याच भेटीत पैसे देऊ नका. भाव लिहून घ्या, घरी या, घरच्यांशी बोला आणि दुसऱ्या दिवशी ठरवा. आज असलेली सवलत उद्या गेली तरी तशीच दुसरी येते. घाईत मोडलेली बचत पुन्हा उभी करायला मात्र वर्ष लागते.